बोलक्या टॅबलेटचा स्टँड : कामाच्या नोंदी

१२ जून

काम एका वाक्यात आलं होतं : टॅबलेट सारखा पडतो, काहीतरी करा.

आज वर्गात जाऊन पाहिलं. मुलगी अकरा वर्षांची. सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा राहत नाही. तोंडाने बोलता येत नाही. टॅबलेटवर चित्रांची चौकट असते, ती चौकटीवर बोट दाबते, टॅबलेट बोलतो. उजव्या हाताचं मधलं बोट मिटवून त्याच्या पेराने दाबते, कारण बोट सरळ राहत नाही. हात मनाविरुद्ध मध्येच झेपावतो. म्हणून पडद्यावर भोकांची ॲक्रिलिकची पट्टी आहे, तिला की-गार्ड म्हणतात. हात पट्टीवर टेकवायचा, सरकवत न्यायचा आणि हवं त्या भोकात पेर घालायचं.

सध्या टॅबलेट दप्तराला टेकवून उभा करतात. दहा-बारा वेळा दाबला की मागे घसरतो. मग कोणीतरी येऊन पुन्हा उभा करतं, तोवर वाक्य अर्धं राहिलेलं.

जागा तीन : वर्गातलं बाक, व्हीलचेअर आणि खाली चटई. तिन्हीकडे एकच स्टँड चालला पाहिजे आणि तो आईला एका हातात उचलता आला पाहिजे.

मापं नीट घ्यायची म्हणून टॅबलेट दुपारभरासाठी वर्कशॉपमध्ये घेऊन आलो. केससकट ७८० ग्रॅम.

१३ जून

सकाळी स्पीच थेरपिस्ट मॅडमचा फोन. आवाज चढलेला नव्हता, पण शब्द मोजून मापून. "काल दुपारी तुम्ही तिचा टॅबलेट नेलात. म्हणजे काय नेलंत, लक्षात येतंय का?"

आलं. उशिरा आलं. काल दुपारचे तीन तास तिला 'पाणी', 'नको', 'दुखतंय' यातलं काहीही म्हणायची सोय नव्हती. मी मापाची वस्तू म्हणून उचलली. कोणाला विचारलं होतं? वर्गाच्या बाईंना. जिचा होता तिला नाही.

संध्याकाळी ६ मिमी प्लायचा तुकडा टॅबलेटच्या मापात कापला, मागे वॉशर चिकटवत गेलो आणि काटा ७८० वर आणला. कोपरे कानसले. यापुढचं सगळं काम या लाकडी टॅबलेटवर. खरा तिच्यापाशीच राहील. मॅडमनी आणखी एक सांगितलं : यंत्र चालू असो वा बंद, चित्रांचा कागदी तक्ता कायम हाताशी हवाच. बॅटरी संपते, पडदा फुटतो. तेवढ्यासाठी माणूस मुकं होऊन चालत नाही.

१७ जून

ती किती जोराने दाबते? मी गृहीत धरलं होतं की पडद्याला स्पर्श म्हणजे नगण्य. लाकडी टॅबलेट काट्यावर आडवा ठेवला, वर जुनं की-गार्ड बांधलं आणि तिला नेहमीसारखं दाबायला सांगितलं. दाबून काहीच बोलेना म्हणून हसली, मग खेळ म्हणून दाबत बसली.

नेहमीचा दाब ४०० ते ६०० ग्रॅम. पण हात झेपावला की काटा १८०० च्या पुढे. म्हणजे साधारण १८ न्यूटन. स्टँड सरासरी दाबासाठी नाही, या झेपेसाठी बनवायचा आहे.

२० जून

तयार मिळणारी वाकडी मान आणली, गूजनेक. ४५ सेंमी लांब, टोकाला चिमटा, बाकाला क्लॅम्प. पाच मिनिटांत बसली. मनात म्हटलं, झालं की काम!

तिने पहिलं चित्र दाबलं आणि टॅबलेट मान डोलवत राहिला. दुसरं दाबायला हात नेला तर भोक जागेवर नाही. ती थांबली, डोलणं थांबायची वाट पाहिली, मग दाबलं. पुन्हा डोलला. तीन शब्दांच्या वाक्यात दोनदा चुकीचं चित्र लागलं. शेवटी तिने हात मांडीवर ठेवून दिला.

बाकी लोक फोन बघायला गूजनेक लावतात तेव्हा फोनला हात लावत नाहीत, एवढाच फरक आहे. आणि तोच सगळा फरक आहे.

२४ जून

कागदावर हिशेब. एका टोकाला धरलेला दांडा दुसऱ्या टोकाला किती वाकतो, ते लांबीच्या घनावर अवलंबून असतं. लांबी निम्मी केली की वाकणं आठव्या हिश्श्यावर येतं. म्हणून आधी लांबी तोडायची, जाडीचं मग बघू. ४५ सेंमीचे २२ केले. मान जाऊन त्या जागी ॲल्युमिनियमची नळी, बाहेरचा व्यास २५ मिमी, भिंत २ मिमी. काट्यावर नळी ८६ ग्रॅम भरली.

सांध्याचाही विचार बदलला. कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडला असतो तसा बॉल-हेड आधी डोक्यात होता. हवा तो कोन मिळतो, एकच खटका. पण बॉल फक्त घर्षणावर धरतो. होल्डरसकट ९०० ग्रॅम, सांध्यापासून टॅबलेट आडवा २२ सेंमी, म्हणजे नुसत्या वजनाचाच टॉर्क, सांधा फिरवणारा जोर, जवळजवळ २ न्यूटन-मीटर. टोकाशी १८ न्यूटनची झेप आली की आणखी ४ ची भर. छोटा बॉल-हेड कितीही आवळला तरी तासाभरात मान खाली घालतो, लाकडी टॅबलेटवर करून पाहिलं. त्यामुळे दातेरी सांधा : दोन चकत्या, समोरासमोर दाते, मधून बोल्ट. दाते अडकले की घसरायचा प्रश्नच नाही.

२४ दाते काढले तर एक पायरी १५ अंशांची. ३६ काढले तर १०. तिला कोणता कोन लागेल ते माहीत नाही, म्हणून ३६.

१ जुलै

क्लॅम्प नको, नुसता जड तळ पुरेल का, ते पाहिलं. क्लॅम्प म्हटला की बाकाच्या कडेचं प्रकरण येतं. काही बाकांना खाली पट्टी असते, तिथे जबडा बसत नाही. तळाला लोखंडी पट्टी लावून सगळं वजन २.१ किलोवर नेलं. पडदा ७० अंशांत, बराचसा उभा. हाताने तिच्याएवढा धक्का दिला. पाठीमागे धप्प.

आकडेही तेच सांगतात. दाब पडद्याला काटकोनात जातो, त्यामुळे पडदा जितका उभा तितका दाबाचा जास्त हिस्सा आडवा ढकलतो. ७० अंशांत १८ पैकी जवळजवळ १७ न्यूटन मागे जातात, तेही टेबलापासून २२ सेंमी उंचीवर. उलटवणारा टॉर्क ३.७, धरून ठेवणारं वजन जेमतेम २ चं. पडदा ३५ अंशांवर कलवला की मागे जाणारा हिस्सा १० न्यूटनवर येतो, उंची १२ सेंमीवर. १.२ विरुद्ध १.८. शिवाय उरलेला दाब टेबलात जातो, तो स्टँडला खाली धरून ठेवतो.

तर स्टँड पडण्याचं अर्धं कारण स्टँड नव्हताच. आपण पडदा उभा ठेवत होतो, कारण समोर उभ्या असलेल्या मोठ्या माणसाला तो तसा वाचायला बरा पडतो.

५ जुलै

आजची नोंद लांबणार.

तीन नमुने घेऊन गेलो : उंच हाताचा, मध्यम आणि बुटका. तिन्हींचे फोटो टॅबलेटवर चढवले होते. विचारलं, "तुला कुठला आवडला?"

ती 'नको' वर गेली.

म्हटलं, "मध्यम नको? की उंच नको?" पुन्हा 'नको'. मी तिसरा प्रश्न तोंडातून काढणार तेवढ्यात मॅडमनी टेबलाखालून माझा हात दाबला. गप्प बसायचं.

बसलो. भिंतीवर घड्याळ होतं म्हणून सांगतो, चार मिनिटं गेली. तिने पान उलटलं, माणसांच्या पानावर गेली. हात झेपावला, चुकून घराचं चित्र लागलं, तिने ते पुसलं. मग 'मैत्रीण'. मग परत मुख्य पान. 'बघ'. थांबली, मान मागे टाकली, श्वास घेतला. 'नाही'. मग टॅबलेटने सगळं एका दमात म्हटलं : "मैत्रीण बघ नाही."

मी तिच्या खुर्चीशेजारी गुडघ्यावर बसलो आणि तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहिलं. समोर टॅबलेटची पाठ... नाही, पडदा. फक्त पडदा. त्याच्या मागे बाकावर बसलेली मैत्रीण दिसतच नव्हती. आणि मैत्रिणीला दिसत होती टॅबलेटची काळी पाठ, वर दोन केसांची टोकं.

आम्ही सगळे बाजूने बघत होतो. बाजूने सगळं छान दिसतं.

नवी अट, आता सर्वांत वर लिहिली : पडद्याची वरची कड तिच्या हनुवटीच्या खाली. चेहरा उघडा. बाकी काय असेल ते त्याच्यात बसवायचं.

६ जुलै

हनुवटीची अट घातली की पडदा आपोआप खाली आणि आडवा होतो, आणि तो पडण्यासाठीही बरा. दोन्ही गोष्टी एकाच दिशेला गेल्या, असं क्वचित होतं. पण फार आडवा केला तर छतावरचा दिवा पडद्यात उतरतो आणि मानेला ताण येतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट मॅडमनी २० अंशांना सरळ नाही म्हटलं. ३० वर मान बरी पण दिवा दिसतो, ४० वर दिवा जातो. ४० ठरला. दहाची पायरी कामी आली.

११ जुलै

फुकट गेलेला दिवस. होल्डरच्या पाठीमागे ट्रायपॉडचा नट बसवला होता. त्यात एम६ चा, म्हणजे ६ मिमी व्यासाचा बोल्ट घातला, दोन फेरे छान गेला, मग अडकला, मग मी पाना लावला. आटे गेले. ट्रायपॉडचा आटा पाव इंची असतो, इंचाला २० फेरे, म्हणजे दोन आट्यांत १.२७ मिमी अंतर. एम६ मध्ये ते १ मिमी. व्यास इतके जवळचे की डोळा फसतो. पाव इंचीचे सगळे बोल्ट आता लाल डब्यात.

१५ जुलै

तीन जागा, एक स्टँड. आज त्याला आकार आला. वरचा भाग एकच : होल्डर, दातेरी सांधा, नळी. खालचे पाय तीन, आणि मध्ये चटकन सुटणारी पट्टी, कॅमेऱ्यांना असते ती तिरप्या कडांची, ३८ मिमी रुंद. सरकवायची आणि खटका लावायचा.

बाकासाठी रबर लावलेल्या जबड्याचा क्लॅम्प. व्हीलचेअरच्या नळीसाठी दोन अर्धगोल जबडे. मी २५ मिमीचे बनवले होते, तिच्या खुर्चीची नळी निघाली २२ ची. आत रबराची पट्टी घालून भागवलं.

चटईचं सगळ्यात अवघड होतं, कारण जमिनीला क्लॅम्प कशाला लावणार? जड तळ केला तर आई तो उचलणार नाही आणि स्टँड कोपऱ्यात पडून राहील. शेवटी ६ मिमी प्लायची एक लांब जीभ काढली. ती चटईखाली सरकवायची, वर मुलगी बसते. तिचं स्वतःचं वजनच स्टँड धरून ठेवतं. थेरपिस्ट मॅडमची एकच अट : जीभ चटईखालीच, अंगाला थेट लागेल अशी कधीच नाही. कडा गोल केल्या.

तिन्ही जागी पडद्याचा कोन आणि शरीरापासूनचं अंतर तेच राहिलं पाहिजे. ती प्रत्येक वेळी चित्र शोधत नाही, हाताला वाट पाठ असते. आपण कळफलकाकडे न बघता टाइप करतो तसं. म्हणून दातेरी चकतीवर पांढऱ्या रंगाची खूण केली, खुणेला खूण जुळवली की झालं.

१९ जुलै

होल्डरचे हुक थ्रीडी प्रिंटरवर पीएलए नावाच्या प्लॅस्टिकमध्ये छापले होते. आईच्या गाडीत, बंद काचा, ऊन. संध्याकाळी हुक मेणबत्तीसारखे वाकलेले. पीएलए ६० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडतो, उन्हातली बंद गाडी तिथवर सहज जाते. हे मला माहीत होतं. माहीत असून केलं. आता पीईटीजी हे दुसरं प्लॅस्टिक, तो ८० च्या जवळपास टिकतो. आणि हुक उभे न छापता आडवे छापले, कारण उभ्या छपाईत थर हुकाच्या मुळाशीच आडवे येतात आणि ओढ बसली की तिथूनच बिस्किटासारखे सुटतात.

२६ जुलै

वर्गातून तक्रार : आवाज दबलाय. ती बोलते, मागच्या बाकावर ऐकू जात नाही. आवाज पूर्ण वाढवून पाहिला, तेच.

मी होल्डरचे काठ मजबुतीसाठी १२ मिमी रुंद केले होते. टॅबलेटचे स्पीकर नेमके त्या काठांमागे. स्टँड बनवणाऱ्याने मुलीच्या तोंडावर हात ठेवल्यासारखंच झालं हे. कानसीने दोन्ही बाजूंना ४० मिमीची खाच काढली, तिथेच, वर्गात, वर्तमानपत्र पसरून. की-गार्डच्या भोकांतून लाळ आत जाते तीही पुसता यावी म्हणून खालच्या काठालाही एक खाच.

तिने मग एकच चित्र तीन वेळा दाबलं. 'मोठं.' 'मोठं.' 'मोठं.' मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "आलं आलं!"

२ ऑगस्ट

आज वाद झाला, चांगला झाला.

पाच जुलैपासून डोक्यात होतं की पडदा तिला स्वतः बाजूला सारता आला पाहिजे. चित्र काढायचं असेल, मैत्रिणीशी नुसतं हसायचं असेल, कंटाळा आला असेल. आत्तापर्यंत पडदा कोणीतरी लावायचं आणि कोणीतरी काढायचं. नळीच्या बुडाशी आडवी फिरणारी बिजागरी घातली, आत स्प्रिंगवरची गोळी, दोन खळगे : एक समोर, एक ९० अंश बाजूला. मनगटाने रेटलं की गोळी खळग्यातून निघते आणि खुट्ट करून दुसऱ्यात बसते. स्प्रिंग अशी निवडली की दाबताना हलणार नाही पण कडेला रेटल्यावर सुटेल. तीन स्प्रिंगा बदलल्या. पहिलीत झेप आली की पडदा पळून जायचा, दुसरी तिला हलेचना.

बाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "याला कुलूप द्या. तासाला प्रश्न विचारला की ही ढकलून देईल."

बाईंची अडचण खोटी नाही. तीस मुलं, एक तास. पण बाकी मुलंही प्रश्न विचारल्यावर कधी कधी तोंड मिटून बसतातच ना, त्यांना कुठे कुलूप असतं? मी एवढंच म्हटलं की कुलूप देणार नाही. मॅडमनी मुद्दा जास्त नीट मांडला. 'बोलायचं नाही' हेही बोलण्यातच येतं. अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय समितीने १९९२ मध्ये संवादाच्या हक्कांची यादी केली, नको म्हणण्याचा हक्क तीत आहेच. बाई थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "बरं. पण परत ओढायला तिला जमतंय ना?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता! ढकलायला जमत होतं, ओढायला नाही. उद्या होल्डरच्या कडेला मनगट अडकेल असा वाकडा कान लावतो.

३ ऑगस्ट

कान लावला. जमतं. सात-आठ प्रयत्नांनंतर.

९ ऑगस्ट

व्हीलचेअरवर पहिला पूर्ण दिवस. दारात अडकला. नळी खुर्चीच्या बाहेरच्या बाजूने वर येत होती, ९ सेंमी बाहेर. खुर्ची ढकलणाऱ्याला खुर्चीची रुंदी सवयीची असते, स्टँडची नाही. जबडा उलटा करून नळी आतून घेतली, आता चाकाच्या बाहेर काहीच येत नाही. गाडीतून नेताना मात्र स्टँड आणि टॅबलेट दोन्ही काढून वेगळे बांधायचे, हे आईला लिहून दिलं. गचका बसला तर समोरचा ९०० ग्रॅमचा ऐवज छातीत येतो. त्या वेळात हातात कागदी तक्ता.

२० ऑगस्ट

सांध्याचे बोल्ट फिरवायची ॲलन की हरवली. हरवणारच होती, मीच वेडा. ज्या सांध्याला रोज हात लावायचा तिथे हत्यार लागता कामा नये. दोन्ही ठिकाणी हाताने फिरवायचे मोठे नॉब लावले. आईला घड्याळ लावून जोडायला सांगितलं : बाकावर ४० सेकंद, व्हीलचेअरवर सव्वा मिनिट. चटईला वेळ मोजलाच नाही, कारण मुलगी आधीच बसून मोकळी झाली होती आणि तिला उठवायची कोणाची हिंमत नव्हती.

टॅबलेट सोडून बाकाचा संच ६४० ग्रॅम. एका हातात येतो.

३१ ऑगस्ट

दहा दिवस कोणाचा फोन नाही, म्हणून मीच गेलो. बोल्ट तपासले, एक सैल होता, नायलॉनचा नट घातला. रबराची एक पट्टी सरकली आहे, बदलायची. की-गार्डच्या एका भोकाची कड तासली गेली आहे. 'नको'चं भोक.

निघताना तिने पडदा स्वतः समोर ओढला. खुट्ट. त्याआधी एक बारीक किर्रर्र. तिने माझ्याकडे बघितलं, पानं उलटली. मी उभाच होतो, बसलो. थोडा वेळ गेला.

"दादा. आवाज. वाईट."

मी म्हटलं, "कुठला आवाज? तुझा?"

तिने पडदा ढकलला, परत ओढला. किर्रर्र. आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की शेजारची मैत्रीण खो खो हसायला लागली.

बिजागरीला ग्रीस. उद्या सकाळी, शाळा भरायच्या आधी. स्टँड वर्कशॉपला आणायचा नाही, ग्रीस तिकडे न्यायचं.